व्हायरस विंडोजलाच का लागतो? (एका झेरॉक्सवाल्याचा प्रश्न)

कागदवाला (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची गर्दी सुरू होते, यंदा त्यात नगरपालिकेच्या निवडणुकीची हँडबिलं. दिवसाला चाळीस-पन्नास पेनड्राइव्ह या मशिनींत घुसतात. 'आधी स्कॅन करतो' म्हटलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, कारण त्याची गाडी फलाटाला लागलेली असते.

गेल्या गुरुवारी एक पेनड्राइव्ह आला. उघडला तर आत फोल्डर नाही, फाइल नाही, नुसता एक शॉर्टकट. कामावरच्या पोराने (हुशार आहे, पण घाई फार) त्यावर डबल क्लिक केलं. आतले फोल्डर दिसले, प्रिंट निघाली, गिऱ्हाईक गेलं. त्यानंतर दिवसभरात त्या मशिनीला जे जे पेनड्राइव्ह लागले, त्या प्रत्येकाची हीच गत. शुक्रवारी सकाळी शटर वर करायच्या आत तीन माणसं भांडायला हजर. त्यातल्या एका शिक्षकांच्या पेनड्राइव्हमध्ये शाळेचा सगळा निकाल होता.

पुण्यातला भाचा म्हणतो, "मामा, विंडोज काढून लिनक्स टाका, तीही एक सिस्टीमच. त्याला व्हायरस लागतच नाही." मेहुणा म्हणतो, "न लागायला काय झालं? वापरतं कोण ते? चोर रिकाम्या वाड्यात कशाला शिरेल?" मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे. सिस्टीम मुळात पक्की असते, का कुणी तिच्या वाटेला जात नाही म्हणून वाचते?

आणि माझं काय करू ते पण सांगा. पत्रिकेचं सगळं काम पेजमेकर (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि डोंगलवाल्या जुन्या मराठी फॉन्टांवर आहे, ते विंडोज सोडून कुठे चालत नाही.

ठोंब्या | रात्री ९:४३

पॉपकॉर्न घेऊन बसलो. लिनक्सवाले पाच मिनिटांत येतील, घड्याळ लावून ठेवलंय.

पेंग्विनपंथी | रात्री ९:४९

सहा मिनिटं लागली, जेवत होतो.

कागदवाला, भाचा बरोबर आहे. विंडोजवर एखादी फाइल उतरवली आणि तिच्या नावाच्या शेपटीला ईएक्सई असलं की झालं, डबल क्लिक आणि ती चालू. लिनक्सवर उतरलेली फाइल आपणहून चालू होत नाही, 'ही चालवायची आहे' अशी परवानगी तुम्ही तिला हाताने द्यावी लागते. सिस्टीमच्या फायलींना हात लावायचा तर पासवर्ड. आणि सॉफ्टवेअर कुठल्या तरी वेबसाइटवरून उचलायचंच नसतं, तुमचं लिनक्स बनवणाऱ्यांच्या भांडारातून येतं, सही-शिक्क्यानिशी. जगातले पहिले ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत, ते काय वेडे आहेत?

मी बारा वर्षं मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) वापरतोय. अँटिव्हायरस नाही आणि व्हायरसही नाही.

खिडकीकाठी | रात्री ९:५५

अँटिव्हायरस नाही, मग व्हायरस नाही हे कळलं कसं? थर्मामीटर फोडला की घरात कुणाला ताप येत नाही, त्यातला प्रकार.

ठोंब्या | रात्री ९:५६

+१. पहिली विकेट.

अण्णा_वाईकर | रात्री १०:३०

कागदवाला, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा कळलं नव्हतं, ते वेगळं.

१९९९ साल. माझा कॉम्प्युटर क्लास होता, एका वाड्याच्या माडीवर. सहा मशिनी. पाचांवर विंडोज ९८, आणि सहाव्या, म्हणजे फीचा हिशोब ठेवायच्या मशिनीवर विंडोज एनटी, म्हणजे ऑफिसांसाठीचं विंडोज. ती कुणीतरी ऑफिस बंद करताना स्वस्तात विकली म्हणून घेतलेली, तिच्यावर गेम चालत नाहीत म्हणून पोरं तिला 'सासूबाई' म्हणत. फ्लॉप्या मात्र सगळीकडे त्याच फिरायच्या.

२६ एप्रिलला, सोमवारी, सकाळच्या बॅचने बटणं दाबली. पाचही पडदे काळे. दोघांवर तर साधी बीपसुद्धा नाही, पंखा फिरतोय आणि बाकी मुडदा. नंतर कळलं की सीआयएच नावाचा व्हायरस, ज्याला चेर्नोबिल म्हणायचे, तो त्या तारखेची वाट बघत बसला होता. तैवानच्या चेन इंग-हाऊ नावाच्या विद्यार्थ्याने लिहिलेला. हार्डडिस्कच्या सुरवातीचा भाग पुसायचा आणि जमलं तर मदरबोर्डवरच्या, मशीन सुरू करून देणाऱ्या बायॉस चिपमध्येही कचरा लिहायचा. त्या दोन चिपा काढून रुमालात गुंडाळून मी लॅमिंग्टन रोडला घेऊन गेलो होतो, परत लिहून घ्यायला. दुकानदार म्हणाला, आज तुम्ही कितवे ते मोजायचं मी सोडून दिलंय.

आणि सासूबाई? एक केस वाकडा नाही. त्याच फ्लॉप्या, तीच पोरं, तीच खोली. मी आपला समजत होतो की पोरं तिला हात लावत नाहीत म्हणून वाचली.

शून्यएक | रात्री ११:०५

अण्णा, साष्टांग. शोधून सापडणार नाही असं उदाहरण दिलंत.

मी याच क्षेत्रात नोकरी करतो, थोडं उलगडतो. प्रोसेसरमध्ये अधिकाराच्या पायऱ्या असतात. सगळ्यात आतली म्हणजे रिंग शून्य, देवाचा गाभारा समजा. तिथे पोचला तो हार्डडिस्क, बायॉस, मेमरी, कशालाही हात लावू शकतो. साधे प्रोग्रॅम सभामंडपात थांबायचे असतात. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये गाभाऱ्याला दार होतं, पण कडी नव्हती. प्रोसेसर कुठल्या घटनेला कुठे धावतो त्याचा एक तक्ता असतो, आणि तो साध्या प्रोग्रॅमलाही बदलता यायचा. सीआयएचने तेच केलं. एनटीमध्ये तो तक्ता कुलपात होता, त्यामुळे त्याची डाळ शिजली नाही. शिवाय ९८ मध्ये फायलींना मालक हा प्रकारच नव्हता, कुणीही काहीही पुसावं.

कंपनी एक, नाव एक, पडदा जवळपास सारखा. आतली बांधणी वेगळी. म्हणजे भाच्याचं म्हणणं, बांधणीने फरक पडतो, ते खरंच आहे. फक्त 'विंडोज विरुद्ध लिनक्स' अशी रेघ मारली की ते कळेनासं होतं.

आता पेंग्विनपंथी, रागावू नका. व्हायरसवर पहिलं पद्धतशीर संशोधन करणारा फ्रेड कोहेन. त्याने १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये आपला व्हायरस कुठे चालवून दाखवला? युनिक्सवर! लिनक्सच्या आजोबांवर. दर वेळी तासाभराच्या आत त्याला सगळ्या यंत्रणेचे अधिकार मिळाले होते. युनिक्सला कुठेही भोक न पाडता. लोक एकमेकांचे प्रोग्रॅम चालवत होते, तेवढं पुरलं.

पेंग्विनपंथी | रात्री ११:२०

१९८३! हा मुद्दा आहे की शिलालेख?

शून्यएक | रात्री ११:२८

बरं, १९८८ घ्या. मॉरिस वर्म, २ नोव्हेंबर. तोही युनिक्सवरच, बीएसडी (युनिक्सचाच एक प्रकार) चालवणारी व्हॅक्स आणि सन मशिनं. सुमारे ६,००० मशिनं आडवी झाली असा तेव्हाचा अंदाज, आणि तेव्हा सगळं इंटरनेट मिळून साठेक हजारांचं होतं. लिहिणारा रॉबर्ट मॉरिस विद्यार्थी, आणि वडील अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेत कॉम्प्युटर सुरक्षेचे शास्त्रज्ञ.

तेही जुनं वाटलं तर २०१६. मिराय. सगळं लिनक्स. पण ते उद्या सविस्तर, झोप येतेय. कागदवाला, तुमच्या दुकानात सीसीटीव्ही आहे का?

कागदवाला | रात्री ११:३१

आहे की, चार कॅमेरे. का?

शून्यएक | रात्री ११:३२

मग तुमच्या दुकानात तीन नाही, कमीत कमी चार कॉम्प्युटर आहेत, आणि चौथ्यावर बहुतेक लिनक्स आहे. त्याचा पासवर्ड काय ठेवलाय? (इथे लिहू नका!!)

कागदवाला | रात्री ११:४०

बसवणाऱ्याने डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्यावर, चिकटपट्टी लावून त्यावर लिहून दिलाय. लिहीत नाही, पण तुम्ही ओळखाल.

ठोंब्या | रात्री ११:४१

१२३४५६?

कागदवाला | रात्री ११:४२

एक आकडा जास्त लावलात.

सई_डब्लिन | मंगळवार, पहाटे २:१०

इथे अजून झोपायची वेळ झालेली नाही म्हणून लिहिते. मॅकवाल्यांची बाजू कुणीच घेतली नाही, तर मीच घेते आणि मीच पाडते.

मी २००८ पासून मॅक वापरतेय. तेव्हा जाहिराती जोरात होत्या, व्हायरसने शिंकणारा तो पीसी आणि ठणठणीत मॅक. अ‍ॅपलच्या साइटवर 'याला पीसीचे व्हायरस होत नाहीत' असं लिहिलेलं असायचं. वाक्य खरंच होतं म्हणा, कुत्र्याला गोवर होत नाही तसं. मग २०१२ मध्ये फ्लॅशबॅक आला. सुमारे ६ लाख मॅक. भोक होतं जावा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. जावावाल्या ओरॅकल कंपनीने त्याची दुरुस्ती फेब्रुवारीत दिली होती, पण मॅकसाठीची जावा अ‍ॅपल स्वतः वाटायचं आणि त्यांची दुरुस्ती आली एप्रिलमध्ये. मधले दीड-दोन महिने दार उघडं. त्याच वर्षी साइटवरचं ते वाक्यही गुपचूप बदललं.

तेव्हापासून अ‍ॅपलने बरीच कुलपं लावली. अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारा गेटकीपर २०१२ चाच, आणि २०१५ पासून सिस्टीमच्या फायलींना खुद्द अ‍ॅडमिनही हात लावू शकत नाही. मग चोरांनी काय केलं? कुलूप फोडायच्या फंदात न पडता मालकालाच किल्ली मागितली. माझ्या मैत्रिणीला एका पानावर 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असं आलं आणि पुढे 'ही ओळ कॉपी करा, टर्मिनल उघडा, पेस्ट करा, एंटर दाबा'. दाबलं तिने! ब्राउझरमधले साठवलेले सगळे पासवर्ड गेले. ती सॉफ्टवेअरमध्येच आहे, हे मुद्दाम सांगते.

अण्णा_वाईकर | मंगळवार, सकाळी ६:५०

अवांतर, पण विचारूनच टाकतो. धाग्यात 'व्हायरस लागतो', 'येतो', 'शिरतो', 'होतो' असं सगळंच दिसतंय. आमच्या क्लासात 'पकडतो' म्हणायचे. 'मशिनीने व्हायरस पकडला'. जणू मशीन पोलीस आहे.

मीनल_ | सकाळी ८:१५

आमच्याकडे 'घुसतो'. वर्मला मात्र 'कीड लागली' हे चपखल आहे. व्हायरसला चिकटायला दुसरी फाइल लागते, वर्म आपापला सरपटत एका मशिनीतून दुसरीत जातो ना? म्हणजे कीडच.

ठोंब्या | सकाळी ८:२०

आणि नवऱ्याच्या लॅपटॉपला काय होतं? 'आपोआप' होतं. मी काहीच केलं नव्हतं.

खिडकीकाठी | सकाळी १०:०५

ऑफिसात बसून लिहितोय. दोनशे विंडोज मशिनी माझ्या अंगावर आहेत, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

विंडोजची जी बदनामी झाली, ती २००० ते २००४ या काळात कमावलेली आहे, आणि रास्त आहे. मे २००० मधलं 'आय लव्ह यू' आठवा. ईमेलला जोडलेली फाइल, नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू', त्यापुढे टीएक्सटी. वाटतं साधी मजकुराची फाइल. खरं शेपूट होतं व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम, आणि विंडोज ओळखीची शेपटं लपवून ठेवतं. आजही नव्या मशिनीवर ती सेटिंग तशीच असते! मी कुठलीही मशीन हातात घेतली की पहिलं काम तेच करतो, शेपटं दाखव. तरीही शॉर्टकटचं शेपूट ते दाखवत नाहीच, आणि कागदवाला, तुमच्या पोराला फसवलं ते त्यानेच.

मग २००३ चा ब्लास्टर. 'विंडोज ६० सेकंदांत बंद होणार' अशी खिडकी यायची, आकडे उलटे पडायचे, आणि आपण रन उघडून 'शटडाउन वजा ए' टाइप करायला धडपडायचो. कुणी काहीही क्लिक केलेलं नसायचं. नेटला जोडलं की पुरे. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल (नेटवरून आगंतुक आत येऊ न देणारी भिंत) होती, पण बंद अवस्थेत. आणि घरोघरी प्रत्येकजण अ‍ॅडमिन, कारण सेटअप तसंच खातं बनवायचा.

पण नंतर ते सुधारले, हे कुणी बोलत नाही. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल आपोआप चालू केली. पुढच्या विंडोज व्हिस्टाने परवानगी विचारायला सुरवात केली. लोकांनी शिव्या घातल्या, पण लिनक्सने पासवर्ड विचारला की ती सुरक्षा आणि व्हिस्टाने विचारला की कटकट, हा कुठला न्याय? २०११ मध्ये जुन्या मशिनींवरही पेनड्राइव्हचं ऑटोरन (लावताच आतलं आपोआप चालू होणं) बंद करणारं अपडेट आलं. विंडोज ८ पासून डिफेंडर हा अँटिव्हायरस फुकट आणि आतच.

कागदवाला | सकाळी १०:४०

ऑटोरनवरून आठवलं. तेव्हा आम्ही प्रत्येक पेनड्राइव्हवर 'ऑटोरन डॉट आयएनएफ' याच नावाचा रिकामा फोल्डर करून ठेवायचो. त्या नावाचा फोल्डर आधीच असला की व्हायरसला त्या नावाची फाइल करता यायची नाही. दहा रुपये घ्यायचो एका पेनड्राइव्हचे. लसीकरण म्हणायचो.

शून्यएक | दुपारी १:१५

दहा रुपयांत उत्तम लस! काही व्हायरस नंतर तो फोल्डर पुसायला शिकले म्हणा.

आणि इथेच तुमच्या गुरुवारच्या प्रकरणाची नाळ आहे. ऑटोरन चालू होतं तोवर पेनड्राइव्ह लावला की काम तमाम. ते बंद झाल्यावर व्हायरसवाल्यांना माणसाचा डबल क्लिक हवा झाला, म्हणून फोल्डर लपवून जागी शॉर्टकट ठेवायची युक्ती. शॉर्टकट आधी व्हायरस चालवतो आणि मग तुम्हाला हवा तो फोल्डर उघडून देतो, म्हणजे संशय नको. शिक्षकांचा निकाल गेलेला नाही, लपवलेला आहे. कमांड प्रॉम्प्टवर अ‍ॅट्रिब वापरून लपवल्याची खूण काढली की परत दिसेल. पण आधी मशीन साफ करा, नाहीतर पुन्हा लपेल.

आता मिराय, काल राहिलेलं. कॅमेरे, डीव्हीआर, राउटर यांतलं लिनक्स. त्याने कुठलंही अवघड भोक शोधलं नाही. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक टाकून बघायच्या, बस. त्या जोरावर एवढी फौज जमली की २१ ऑक्टोबर २०१६ ला साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन नावाच्या कंपनीवर मारा होऊन ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत कित्येक तास उघडेनात. तीच परवानग्यांची शिस्त, तोच पासवर्ड विचारणारा दरवाजा. किल्ली मात्र दारावरच टांगलेली.

तेव्हा मेहुण्यांना सांगा, वाडा रिकामा नाही. घरच्या टेबलावर लिनक्स क्वचित दिसतं म्हणून पेनड्राइव्हचे व्हायरस त्याच्यासाठी कुणी लिहीत नाही, हे खरं. पण सर्व्हरवर लिनक्सच आहे आणि तिथे चोर रांगा लावून उभे आहेत.

पेंग्विनपंथी | दुपारी २:००

मान्य, मान्य. पण ती भोकं सापडतात तरी, कारण सगळा कोड उघडा असतो. एक्सझेड प्रकरण बघा, लिनक्सवरच्या फायली आवळणाऱ्या सॉफ्टवेअरचं. कुणीतरी दोनेक वर्षं भला माणूस बनून, थकलेल्या एकट्या सांभाळणाऱ्याचा विश्वास कमावून, चोरदरवाजा घातला होता. २९ मार्च २०२४ ला तो उघड झाला, कारण आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं.

खिडकीकाठी | दुपारी २:०४

आणि तो इंजिनिअर नोकरीला कुठे होता, तेही सांगा.

पेंग्विनपंथी | दुपारी २:०९

मायक्रोसॉफ्टमध्ये.

ठोंब्या | दुपारी २:१०

=)) =))

मीनल_ | दुपारी ४:३०

तुमची मोठी चर्चा चालू आहे, पण आमच्या घरात कॉम्प्युटरला कुणी हात लावत नाही, सगळं मोबाइलवर. आणि कागदवाला, विषय तुमच्या धंद्याचाच आहे. गेल्या वर्षी मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. ओळखीच्याच नंबरावरून. पीडीएफ नाही, फोटो नाही, शेवटी एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर अॅप बसवणारी फाइल. तिने दाबली. फोन म्हणाला, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप आहे, परवानगी देऊ का? दिली. मेसेज वाचायची परवानगी देऊ का? दिली. 'पत्रिका उघडत नव्हती ना गं, म्हणून देत गेले,' म्हणाली. ओटीपी परस्पर पलीकडे. खात्यातून दोन हप्त्यांत पैसे गेले, आणि मग तिच्या नंबरावरून तीच पत्रिका सगळ्या नातेवाइकांना.

माझ्या आयफोनवर तीच फाइल उघडलीच नाही. म्हणून आयफोन चांगला का?

शून्यएक | संध्याकाळी ५:१०

त्या हल्ल्यापुरता, हो. आयफोनवर आपल्याकडे अ‍ॅप स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप टाकायची सोयच नाही, म्हणून मावशीला चूक करायची संधी मिळाली नसती. अँड्रॉइडने दोनदा विचारलं, पण विचारणं म्हणजे अडवणं नव्हे. उलट बाजूने, पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने आयफोनमध्ये शिरून दाखवलंय, एकही क्लिक न होता. पण तसली हत्यारं महागडी, ठरावीक माणसांवर रोखलेली. मावशीला धोका पत्रिकेचाच.

आणि एक गोष्ट सगळ्या सिस्टीमवाल्यांनी ध्यानात घ्यावी. अ‍ॅडमिनचा पासवर्ड सिस्टीमला वाचवतो. फोटो, पत्रिका, हिशोब हे सगळं तुमच्याच खात्यात असतं, ते कुलूपबंद करून खंडणी मागायला अ‍ॅडमिन व्हावं लागत नाही. सिस्टीम बिघडली तर तासाभरात परत टाकता येते. नातीच्या बारशाचे फोटो कुठून आणणार?

उरणकर | संध्याकाळी ७:४५

खंडणीवरून राहवलं नाही. मी न्हावा-शेव्याला क्लिअरिंगचं काम करतो. २०१७ चा जून, २७-२८ तारीख. तिथल्या एका टर्मिनलच्या मशिनी एकदम मेल्या. कुठला कंटेनर कुठल्या थप्पीत हे फक्त मशिनीला ठाऊक, माणसाला नाही. कागदावर नोंदी सुरू झाल्या, पण ढिगातून नेमका डबा काढायचा कसा? बाहेर ट्रकांची रांग, वर पाऊस. ड्रायव्हर लोक स्टोव्ह काढून ट्रकखाली भात शिजवत होते. पार्टी फोनवर ओरडतेय की माझा माल सडतोय, आणि मी काय सांगणार, युक्रेनमधल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून व्हायरस आलाय म्हणून? विश्वास तरी बसेल का?

खिडकीकाठी | रात्री ८:२०

नॉटपेट्या, त्या व्हायरसचं नाव. त्याने आत पसरायला जी वाट वापरली, त्यातल्या एकीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. १२ मे ला त्याच वाटेने वॉनाक्राय हा खंडणीवाला व्हायरस येऊन गेला, ब्रिटनमधल्या कित्येक सरकारी हॉस्पिटलांची कामं अडली, जगभर बोंब झाली. तरी जूनमध्ये लोकांच्या मशिनी तशाच. आणि नॉटपेट्या इतका हरामखोर की एक मशीन जरी अपडेट नसलेली सापडली, तरी तिच्या मेमरीतून पासवर्ड उचलून अपडेट केलेल्या मशिनींतही शिरायचा.

शून्यएक | रात्री ८:४०

त्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा झोपली. सगळ्या खात्यांची यादी ठेवणारे सर्व्हर एकमेकांच्या नकला ठेवायचे, त्यामुळे एकजात सगळे पुसले गेले. वाचला फक्त एक, घानामधला. का? तर नेमकी तेव्हा तिथली लाइट गेली होती, म्हणून तो बंद होता.

ठोंब्या | रात्री ८:४२

महावितरणचा विजय असो! सर्वात सुरक्षित सिस्टीम सापडली, धागा बंद करा.

अण्णा_वाईकर | रात्री ९:००

आमच्याकडे दर गुरुवारी ही सुरक्षा मोफत असते.

पेंग्विनपंथी | रात्री ९:२५

रच्याकने (बाय द वे), कागदवाल्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं काय? काय करायचं त्यांनी?

खिडकीकाठी | रात्री ९:४५

कागदवाला, मशिनींवर विंडोज कुठलं? १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची मुदत संपली. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळतील. ते आजच करा.

कागदवाला | रात्री ९:५०

दोघांवर १०. पेजमेकरवाल्या मशिनीवर एक्सपी. हसू नका.

खिडकीकाठी | रात्री ९:५२

हसत नाही. पुण्यातही कितीतरी छापखान्यांत तेच आहे.

शून्यएक | रात्री १०:१५

एक्सपीचं अपडेट २०१४ मध्येच संपलं, तेव्हा ती मशीन नेटपासून तोडा, वायरच काढून ठेवा. आणि तिला बाहेरचा पेनड्राइव्ह कधीही लावायचा नाही.

मग पेनड्राइव्ह लावायचा कुठे? इथे भाच्याचं ऐका. एखादा जुना लॅपटॉप असेल तर त्यावर लिनक्स टाका आणि काउंटरवर ठेवा. वाड्याची देवडी समजा. आलेला प्रत्येक पेनड्राइव्ह देवडीवर. तो शॉर्टकट आणि तो ईएक्सई तिथे चालणारच नाही, कारण तो लिहिलाय दुसऱ्या सिस्टीमसाठी. इथे मेहुण्याचंही खरं झालं बघा. पीडीएफ, फोटो तिथूनच छापा. मजकूर एक्सपीवर न्यायचाच तर नेमकी तेवढी एक फाइल स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्या. फोल्डर उचलून दिलात तर व्हायरसही बरोबर जाईल. लिनक्सला त्याचा ताप येत नाही, पण निरोप्या म्हणून तो पोचवेल.

पेंग्विनपंथी | रात्री १०:२२

आणि त्यावर वाइन टाकू नका. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर असतं ते. त्यात व्हायरसही चालू शकतात.

ठोंब्या | रात्री १०:२३

'काउंटरवर वाइन ठेवू नका' हा सल्ला एसटी स्टँडसमोरच्या कुठल्याही दुकानाला लागू.

कागदवाला (धागाकर्ता) | पुढचा बुधवार, रात्री १०:१०

मंडळी, उशिरा लिहितोय, सीझन चालू आहे.

भाचा रविवारी येऊन मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर मिंट टाकून गेला. दोन प्रिंटरपैकी एक लगेच चालला. दुसऱ्याने दुपारपर्यंत छळलं, रंगीत अजूनही फिकट येतं, त्यावर उपाय असेल तर सांगा. डीव्हीआरचा पासवर्ड बदलला, चिकटपट्टी फाडली. शिक्षकांचा निकाल परत मिळाला, ते पेढे देऊन गेले, पण पेनड्राइव्ह परत लावू देत नाहीत.

सोमवारी पहिला मासा गळाला लागला. एका उमेदवाराचा कार्यकर्ता हँडबिलाचा मजकूर घेऊन आला. देवडीवर पेनड्राइव्ह लावला. विंडोजवर जिथे एकटा शॉर्टकट दिसला असता, तिथे दोन गोष्टी दिसल्या. एक फाइल, शेपटीला एलएनके. आणि तिच्या शेजारी एक फोल्डर, ज्याला नावच नाही. नुसतं चित्र, खाली कोरी जागा. भाचा म्हणाला होता तसंच, नावाच्या जागी न दिसणारं अक्षर घातलेलं. उघडलं तर त्याचं सगळं सामान आत, फोटो, घोषणा, जाहीरनामा. मी स्क्रीन वळवून त्याला दाखवली, म्हटलं तुमच्या पेनड्राइव्हला कीड आहे. तो म्हणाला, "असं कसं? आत्ताच पलीकडच्या दुकानात तर नीट उघडला!"

पोराला देवडीवर बसवलंय. आज विचारत होता, यावर पेजमेकर कधी टाकायचं.

ठोंब्या | रात्री १०:२५

अभिनंदन! जानेवारीत बहिणीचं लग्न आहे. पत्रिका शेकडा काय भाव?

कागदवाला | रात्री १०:३१

भाव विपूत (विचारपुशीत) सांगतो. मजकूर ईमेल करा. पेनड्राइव्ह घेऊन येऊ नका.